मंगळवारी, बोरीच्या काठी

मंगळवारी अमळनेरात गाड्या लागतात पार दूरवर,
आणि मुलींचे बाप नारळ धरून उभे राहतात रांगेत.
मीही उभी होते इथे, एकोणीस वर्षांची,
पत्रिकेच्या सातव्या घरात लाल गोळा घेऊन.
आई पुटपुटायची, बाबा रे, काढ तुझी नजर हिच्यावरून.
त्यानं काढली नाही.
पुढे मीच त्याच्यावर ठेवली.

कॉलेजात भूशास्त्राची एक खोली:
तीन कपाटं, गळका नळ, शिपाई उखर्डूतात्या,
आणि मी.
भिंतीवर फोटो डकवलाय, तिथला.
गोटेच गोटे. बोराएवढे, सुपारीएवढे,
कडा झिजलेले, एकमेकांना खेटून बसलेले.
तात्या बादली खाली ठेवून बघत राहिले.
“ह्या तं आपली बोरीना गोटा शेतस.”

हो तात्या, तिथेही एक बोरी असणार.
दगड आपला आपण गोल होत नाही,
त्याला कुणीतरी फार लांबून, फार दिवस
लोळवत आणावं लागतं.

“मंग कथं गयं ते पानी?”

काय सांगू.
साडेतीनशे कोटी वर्षांमागे तळी होती म्हणतात,
नदी तळ्यात उतरताना पंजा पसरून गाळ टाकायची.
तळ आटला, तडकला, पुन्हा भरला, पुन्हा तडकला.
त्या भेगा अजून आहेत, सहा कोनांच्या,
तामसवाडीच्या धरणात मे महिन्यात पडतात तशाच.
खाली चिकणमाती, तिच्यावर क्षारांचे थर,
म्हणजे आधी गोडं पाणी, मग मचूळ,
मग नुसतं मीठ.
कुणी म्हणतं, ऊब होती, पाऊस होता.
कुणी म्हणतं, छे, सगळा बर्फच,
मधूनच वितळायचा, एखादा ओढा धावायचा
शंभर वर्षं, हजार वर्षं, की थांबलाच.
हे भांडण अजून मिटलेलं नाही.

पोटातलं लोखंड निवत गेलं, अंगावरचं कवच गेलं,
मग सूर्याकडच्या वाऱ्यानं हवा सोलून नेली
केळीचं सोपट सोलावं तशी, पापुद्र्यामागे पापुद्रा.
हवा गेल्यावर पाणी कशाच्या आधारानं थांबेल?
काही उडून गेलं.
काही ध्रुवांवर गोठून पडलंय.
आणि काही, तात्या, इकडे या जरा,

मी दिवा पेटवला.
सावद्याकडच्या खाणीतला एक पांढरा स्फटिक,
काळ्या दगडाच्या पोकळीत वाढलेला, मोत्यासारखी झाक.
वजन: चार पूर्णांक वीस ग्रॅम.
परीक्षानळीत टाकला, आच हळू धरली.
आधी काहीच नाही.
मग नळीच्या गार टोकाला धुकं,
धुक्याचा थेंब, थेंबाला दुसरा थेंब.
कोरडा ठक्क दगड, आणि घाम फुटला त्याला.
तात्यांनी बोट लावलं, बोट जिभेवर टेकवलं.
“पानीच शे,” म्हणाले,
जरा दबक्या आवाजात,
देवळात बोलतात तसं.

तिथेही पुष्कळसं असंच आत शिरून बसलंय म्हणतात,
मातीच्या, दगडाच्या कणाकणात बांधलेलं,
तहान लागली तरी ओंजळीत येणार नाही असं.

निवल्यावर वजन केलं: तीन पूर्णांक एकाहत्तर.
दगड खिडकीत ठेवून दिला आणि विसरले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तोलला.
चार पूर्णांक सोळा.
बेचाळीस अंशांच्या त्या करपट हवेतूनही
त्यानं आठवडाभर, थेंबाच्याही अंशानं,
आपलं पाणी परत मागून घेतलं होतं.

तात्यांनी आकडा वहीत दोनदा वाचला.
मग भिंतीवरच्या त्या गोट्यांकडे बघितलं.
“आन तठे? तठली हवा काय दी?”

मी काही बोलले नाही.
बाहेर देवळाच्या रांगेतून कुणाचं तरी तान्हं रडत होतं.
तात्या माठाकडे गेले,
पेला भरला काठोकाठ,
आणि खिडकीत ठेवला,
दगडाच्या शेजारी नाही,
फोटोच्या बाजूला.